कारकीर्द मोजायची कशाने?

१० जून २०२२ रोजी राज्यसभेच्या निवडणुकीसाठी आणि पुन्हा दहाच दिवसांनी, २० जून रोजी, विधान परिषदेच्या निवडणुकीसाठी चिंचवडचे आमदार लक्ष्मण जगताप रुग्णवाहिकेतून मुंबईच्या विधान भवनात आले. दुर्धर आजाराने शरीर खंगले होते, स्वतःच्या पायांनी चालणे अशक्य होते. पुण्याच्या कसबा मतदारसंघाच्या आमदार मुक्ता टिळक याही अशाच अवस्थेत मतदानाला आल्या होत्या. पक्षाचा आदेश पाळण्यासाठी मृत्यूच्या दारातून आलेल्या या दोन आमदारांना कार्यकर्त्यांनी मनोमन वंदन केले. याउलट, आजाऱ्यांनाही सत्तेच्या गणितासाठी राबवून घेणारा पक्ष निर्दय आहे, अशी टीका विरोधकांनी आणि काही वृत्तपत्रांनी केली. विधान परिषदेच्या वेळी तर काँग्रेसने या दोघांच्या मतांवरच आक्षेप घेतला आणि निवडणूक आयोगाने तो फेटाळला. त्याच वर्षी २२ डिसेंबरला मुक्ताताई गेल्या आणि ३ जानेवारी २०२३ रोजी जगताप गेले.

निर्दयतेचा आरोप करणाऱ्यांना एक साधी गोष्ट कळली नाही. ज्याने सारे आयुष्य निवडणुकांच्या रणात काढले, त्याला अखेरच्या लढाईला येऊ नकोस म्हणणे ही दया नव्हे, तो अपमान ठरला असता. तथापि, कार्यकर्त्यांच्या मनातील वंदनभावातही एक धोका दडलेला आहे. अखेरच्या प्रवासाच्या तेजात सबंध कारकीर्द झाकून जाते आणि तिच्यातून जे शिकायचे ते शिकायचे राहून जाते. छत्तीस वर्षे लोकप्रतिनिधित्व करणाऱ्या माणसाची कारकीर्द कशाने मोजायची? किती वेळा निवडून आला यावरून? किती मताधिक्य मिळाले यावरून? की त्याने मतदारांना कोणता हिशेब दिला यावरून? हा प्रश्न एकट्या जगतापांचा नाही. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या सबंध औद्योगिक पट्ट्याच्या राजकारणाचा तो प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर राष्ट्रीय विचारांच्या कार्यकर्त्यानेच प्रथम दिले पाहिजे.

गावकी ते विधान भवन

पिंपळे गुरवचे लक्ष्मण जगताप १९८६ मध्ये काँग्रेसचे नगरसेवक झाले. पिंपरी-चिंचवड नगरपालिका १९७० मध्ये स्थापन झाली, १९८२ मध्ये ती महापालिका झाली आणि १९८६ मध्ये तिची पहिली निवडणूक झाली. म्हणजे या महापालिकेचे लोकनियुक्त आयुष्य आणि जगतापांचे सार्वजनिक आयुष्य यांचा आरंभ एकाच वर्षी झाला. पुढे स्थायी समितीचे अध्यक्षपद आले, महापौरपद आले. १९९९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस निघाली तेव्हा ते त्या पक्षात गेले. २००४ मध्ये विधान परिषदेत पोहोचले. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत अवाढव्य हवेली मतदारसंघाचे विभाजन होऊन २००९ मध्ये पिंपरी, चिंचवड व भोसरी असे तीन मतदारसंघ झाले, तेव्हा चिंचवडमधून ते अपक्ष म्हणून लढले आणि शिवसेनेच्या श्रीरंग बारणे यांचा पराभव करून निवडून आले. २०१४ मध्ये मावळ लोकसभा मतदारसंघात शेतकरी कामगार पक्षाच्या पाठिंब्याने उभे राहिले. तेथे बारणे यांनी त्यांना हरविले. त्याच वर्षी ते भारतीय जनता पक्षात आले आणि चिंचवडमधून पुन्हा आमदार झाले. २०१९ मध्ये तोच विजय त्यांनी पुन्हा मिळविला.

या प्रवासाकडे बोट दाखवून 'आयाराम गयाराम' म्हणणे सोपे आहे. परंतु म्हणणाऱ्यांनी आधी २०१४ च्या मावळच्या उमेदवारांची यादी पाहावी. राष्ट्रवादी काँग्रेसचे तेथील उमेदवार होते राहुल नार्वेकर. ते शिवसेनेतून राष्ट्रवादीत आले होते, २०१९ मध्ये भाजपमध्ये आले आणि २०२२ मध्ये महाराष्ट्र विधानसभेचे अध्यक्ष झाले. चिंचवडमध्ये जगतापांचे प्रतिस्पर्धी राहिलेले राहुल कलाटे २०१४ मध्ये शिवसेनेकडून, २०१९ व २०२३ मध्ये अपक्ष म्हणून आणि २०२४ मध्ये राष्ट्रवादीच्या शरद पवार गटाकडून लढले. या पट्ट्यात माणसे पक्ष बदलतात असे म्हणणे अर्धसत्य आहे. येथे माणसे जागच्या जागी असतात. त्यांच्या दारावरून पक्ष ये-जा करीत असतात. या उलट्या व्यवहाराचे मूळ कोणा एकाच्या स्वभावात नाही, या भूमीच्या इतिहासात आहे.

जमीन गेली, गावकी राहिली

१९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. पुढच्या दशकात औद्योगिक विकास महामंडळ आले, टेल्को आली, आकुर्डीला बजाज आली. १९७२ मध्ये पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि आकुर्डी, निगडी, चिंचवड, भोसरी अशा गावांतील शेतजमिनी संपादित होऊ लागल्या. मोबदला तुटपुंजा होता. साडेबारा टक्के विकसित जमीन परत मिळण्याचा हक्क पुढे मान्य झाला, पण १९७२ ते १९८३ या काळात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचा प्रश्न कित्येक दशके लोंबकळत राहिला. २०२१ मध्ये ते प्राधिकरणच विसर्जित झाले, तरी जमीन गेलेल्यांच्या वारसांचे हेलपाटे संपले नाहीत. १९९० नंतर हेच चक्र चाकणला फिरू लागले. १९९९ मध्ये बजाजचा कारखाना आला, त्यानंतर दहा-बारा वर्षांत फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्र आले. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे चाकण मोटारींच्या नावाने ओळखले जाऊ लागले.

शेती गेली की गावाचा कणा मोडतो, असे पुस्तकांत लिहिलेले असते. येथे कणा मोडला नाही, त्याचे काम बदलले. भावकी, जत्रेची पंचकमिटी, तालीम, भजनी मंडळ ही सारी रचना शाबूत राहिली आणि तिच्या डोक्यावर शहर बसले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश, सोलापूर-साताऱ्याकडून, नंतर देशभरातून लाखो माणसे कामाला आली. २०११ च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या सतरा लाखांच्या वर गेली होती. या माणसांना घरे हवी होती. प्राधिकरणाने आणि महापालिकेने ती वेळेवर दिली नाहीत. मग शेतकऱ्याने उरलेली जमीन गुंठ्यागुंठ्याने विकली आणि कामगाराने आयुष्यभराची बचत घालून तीवर दोन खोल्या बांधल्या. कागदोपत्री ते 'अनधिकृत बांधकाम' ठरले. २००८ पासून अशा घरांवर मालमत्ताकराच्या दुप्पट शास्तीकर लागू झाला. घर कामगाराचे, कर दुप्पट, आणि डोक्यावर पाडापाडीची टांगती तलवार, अशी पंधरा वर्षे लोकांनी काढली.

जगतापांच्या लोकप्रियतेचे रहस्य येथे आहे. हा माणूस या लोकांच्या बाजूला उभा राहिला. हा प्रश्न सुटत नाही, हे कारण पुढे करूनच त्यांनी २०१४ मध्ये राष्ट्रवादीची लोकसभेची उमेदवारी नाकारली होती. पुढे शास्तीकरात टप्प्याटप्प्याने सूट मिळत गेली आणि मार्च २०२३ मध्ये राज्य शासनाने तो माफ केला. जगताप ते पाहायला नव्हते. त्यांच्या खात्यावर ही जमा मांडलीच पाहिजे आणि ती मांडताना कुणी हात आखडता घेऊ नये.

पण वहीला जमेची बाजू असते तशी नावेचीही असते. एवढी घरे अनधिकृत उभी राहत असताना ती पाहणारे, परवाने देणारे, न देणारे, नळजोड देणारे कोण होते? महापालिकेत तेव्हा सत्ता कोणाची होती? काँग्रेसची आणि मग राष्ट्रवादीची. आणि त्या सत्तेच्या पहिल्या फळीत जगतापही होते. प्रश्न निर्माण होताना सत्तेत असणे आणि प्रश्न चिघळल्यावर त्याच्या विरोधात उभे राहणे या दोन्ही गोष्टी एकाच कारकीर्दीत घडल्या. हा एका व्यक्तीवरचा दोषारोप नव्हे. या पट्ट्यातील जवळजवळ प्रत्येक ज्येष्ठ लोकप्रतिनिधीच्या बाबतीत हेच म्हणता येईल. म्हणूनच कारकीर्द वर्षांनी मोजता येत नाही.

'बालेकिल्ला' या शब्दाची भूल

मराठी वृत्तपत्रांनी एक शब्द फार स्वस्त केला आहे: बालेकिल्ला. अमुक शहर तमुक नेत्याचा बालेकिल्ला. ज्या भूमीत छत्रपतींनी रयतेच्या रक्षणासाठी किल्ले बांधले, त्याच भूमीत रयतेच्याच मतांवर उभ्या राहिलेल्या सत्तेला नेत्याचा किल्ला म्हटले जाते आणि कुणाला त्यात विसंगती दिसत नाही! किल्ल्यात शत्रूपासून संरक्षण असते. लोकशाहीतील हा किल्ला कोणापासून संरक्षण देतो? प्रश्न विचारणाऱ्या नागरिकापासून. २०१२ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत राष्ट्रवादीचे ८३ नगरसेवक होते आणि भाजपचे अवघे तीन. या तिघांच्या मागे उभ्या असलेल्या कार्यकर्त्यांनी ती वर्षे कशी काढली, हे निगडी-आकुर्डी-चिंचवडच्या जुन्या घरांतील मंडळींना सांगावे लागत नाही. सायकलवर पत्रके, बैठकांना घरचा चहा, पराभवाच्या रात्री पुन्हा पुढच्या निवडणुकीची मतदारयादी.

२०१७ मध्ये चित्र पालटले. १२८ पैकी ७७ जागा जिंकून भाजपने पंधरा वर्षांची सत्ता उलथविली. त्या विजयाचे नेतृत्व शहराध्यक्ष या नात्याने जगतापांकडे होते. भोसरीचे महेश लांडगे यांची जोड होती. दोघेही नव्याने पक्षात आलेले. लांडगे २०१४ मध्ये अपक्ष निवडून आले होते. 'निवडून येण्याची क्षमता' या तीन शब्दांचा तो विजय होता. जुन्या कार्यकर्त्याने तो मनापासून साजरा केला, कारण परिवर्तनासाठी दार उघडावे लागते आणि उघडलेल्या दारातून नवे लोक येणारच, हे त्याला संघटनेनेच शिकविलेले आहे. बाहेरून आलेल्याला आपलेसे करणे ही दुर्बलता नाही, तो हिंदू समाजाचा स्वभाव आहे.

परंतु दार उघडल्यानंतर घराची रीत कोणी कोणाला शिकविली? आलेल्यांनी पक्षाची रीत उचलली, की पक्षाने आलेल्यांची? येथे डोळे मिटून चालणार नाही. चाफेकर बंधूंच्या चिंचवडमध्ये भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी गुरुकुलम चालविणाऱ्या गिरीश प्रभुणे यांना जानेवारी २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. साऱ्या शहराची मान उंचावली. नेमक्या त्याच सुमारास महापालिकेच्या करविभागाने त्या गुरुकुलमला मालमत्ताकराच्या थकबाकीची नोटीस धाडली. महापालिकेत तेव्हा सत्ता काँग्रेसची नव्हती, राष्ट्रवादीची नव्हती. नंतर सारवासारव झाली, हे खरे. पण नोटीस निघेपर्यंत कुणालाच काही कसे कळले नाही? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महापालिकेच्या स्थायी समितीच्या अध्यक्षांना लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने अटक केली. आरोप सिद्ध होणे न होणे हा न्यायालयाचा विषय आहे. पण ज्या भ्रष्टाचाराविरुद्ध २०१७ मध्ये मते मागितली, त्याच खात्यात, त्याच समितीच्या दाराशी पोलीस यावेत, हा कार्यकर्त्याच्या जिव्हारी लागलेला घाव होता. सत्ताधारी बदलले, सत्तेची रीत तीच राहिली. किल्ला जिंकला, पण तो पाडायचा होता, त्याऐवजी त्यावर नवे निशाण लावून आपण खाली उतरलो. आणि जुलै २०२३ मध्ये तर राष्ट्रवादीचा मोठा गट राज्यातील सत्तेत भागीदार म्हणून शेजारी येऊन बसला. राजकीय अपरिहार्यता असेल. अपरिहार्यतेचेही स्पष्टीकरण द्यावे लागते.

वारसा कोणाचा?

जगतापांच्या निधनानंतर २६ फेब्रुवारी २०२३ रोजी पोटनिवडणूक झाली. चिंचवडमध्ये त्यांच्या पत्नी अश्विनी जगताप यांना उमेदवारी मिळाली आणि त्या विजयी झाल्या. कसब्यात टिळक कुटुंबाबाहेरचा उमेदवार दिला गेला आणि ती जागा काँग्रेसने जिंकली. या दोन निकालांतून राजकीय पंडितांनी तत्काळ धडा काढला: कुटुंबाला उमेदवारी द्या, जागा राखा. २०२४ मध्ये चिंचवडला जगतापांचे बंधू शंकर जगताप निवडून आले.

निवडून आलेल्या व्यक्तींबद्दल येथे काहीही म्हणायचे नाही. मतदारांनी त्यांना कौल दिला आहे आणि तो शिरोधार्य आहे. प्रश्न त्या धड्याचा आहे. दिल्लीच्या एका घराण्यावर, बारामतीच्या एका घराण्यावर आयुष्यभर टीका करणाऱ्या कार्यकर्त्याने आपल्या वॉर्डात मतदाराला काय सांगायचे? आपले ते सहानुभूतीचे आणि त्यांचे ते घराणेशाहीचे, असे? मतदार खुळा नाही. कसब्याच्या पराभवाची कारणे अनेक होती. त्यातून एवढाच निष्कर्ष काढणे म्हणजे परीक्षेत नापास झाल्यावर अभ्यासाऐवजी नशिबाला दोष देणे. खरी गोष्ट अशी की, हिशेब ठेवण्याची पद्धत नसली की मतदाराच्या हाती नाव आणि आडनाव एवढेच उरते. माणसाने काय केले हे कुठे लिहिलेलेच नसेल, तर त्याच्या कामाचा वारसा कोणाकडे सोपवायचा? मग वारसा आडनावाकडे जातो. घराणेशाहीवरचा उपाय भाषणात नाही, वहीत आहे.

मावळचे आमदार

ही वही या पट्ट्याला परकी नाही. पिंपरी-चिंचवडला खेटून असलेल्या मावळ तालुक्याने १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याच्या ऐन धामधुमीत, भारतीय जनसंघाच्या एका तरुण वकिलाला विधानसभेत पाठविले होते. त्यांचे नाव रामभाऊ म्हाळगी. ९ जुलै १९२१ रोजी जन्मलेले रामभाऊ मूळचे खेड तालुक्यातील कडूसचे, म्हणजे चाकणच्याच मुलखातले. जनसंघाचे आमदार त्या विधानसभेत हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे होते. पाठीशी सत्ता नाही, साखर कारखाना नाही, बँक नाही. एवढ्या बळावर या माणसाने असे काही केले की जे महाराष्ट्राच्या राजकारणात कुणाला सुचले नव्हते. आपण वर्षभरात काय केले, याचा लेखी अहवाल ते दरवर्षी छापून मतदारांसमोर ठेवू लागले. कोणते प्रश्न विचारले, शासनाने काय उत्तर दिले, कोणते काम झाले, कोणते झाले नाही.

या कृतीचे मोल आज चटकन ध्यानात येत नाही. अहवाल म्हणजे कार्यसम्राटाचे फलक नव्हे. फलकावर फक्त झालेली कामे असतात. अहवालात न झालेलीही असतात. फलक वाचून मतदार मान वर करतो, अहवाल वाचून तो प्रश्न विचारतो. फलक पुढच्या निवडणुकीसाठी असतो, अहवाल मागच्या निवडणुकीसाठी असतो. मिळालेल्या मताची ती पावती असते.

रामभाऊंची कारकीर्द अखंड नव्हती. १९६२ ते १९६७ ही पाच वर्षे ते सभागृहात नव्हते. १९६७ आणि १९७२ मध्ये पुण्याच्या शुक्रवार पेठेतून ते निवडून आले. आणीबाणीत कारावास भोगला. १९७७ मध्ये ठाण्यातून लोकसभेत गेले. ६ मार्च १९८२ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ते साठीचे होते. विधानसभेत पंधरा वर्षे, लोकसभेत सुमारे पाच. आज याहून दीर्घ कारकीर्दी असलेले आमदार महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. पण लोकप्रतिनिधींच्या प्रशिक्षणासाठी १९८२ मध्ये जी संस्था उभी राहिली आणि जी आज भाईंदरजवळ उत्तनला देशभरातील कार्यकर्ते घडविते, तिला नाव द्यायची वेळ आली तेव्हा दुसरे नाव सुचले नाही. रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी हे नाव त्यांच्या मताधिक्यामुळे पडलेले नाही.

'तो काळ वेगळा होता'

यावर ठरलेले उत्तर येते. तो काळ वेगळा होता. तेव्हा मतदारसंघ लहान होते, माणसे साधी होती. आज चिंचवडमध्ये पाच लाखांवर मतदार आहेत, निम्मे बाहेरून आलेले. कारखाने, झोपडपट्ट्या, आयटी कंपन्या, जमिनीचे भाव. येथे म्हाळगी उभे राहिले असते तर पडले असते.

हे उत्तर देणाऱ्यांनी १९८० ची निवडणूक आठवावी. जनता पक्ष फुटला होता, देशभर इंदिरा लाट होती, भलेभले वाहून गेले. त्या लाटेत रामभाऊ पुन्हा ठाण्यातून निवडून आले. ठाणे म्हणजे पेठेतला मतदारसंघ नव्हता. ठाणे-बेलापूरचा औद्योगिक पट्टा, कल्याण, उल्हासनगर, गिरण्या-कारखान्यांतील कामगार, फाळणीत घरदार गमावलेले सिंधी बांधव, आगरी-कोळी भूमिपुत्र, लोकलला लटकणारे चाकरमानी. त्या काळचे पिंपरी-चिंचवड आणि चाकण तेच होते. तेथे हिशेब देणारा माणूस लाटेविरुद्ध टिकला. तेव्हा काळ बदलला म्हणून हिशेब सुटला, हे खोटे आहे. हिशेब सुटला म्हणून काळ बदलल्याचे सांगावे लागते, हे खरे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निवडणुकीला पैसा लागतो, तो तत्त्वातून उभा राहत नाही. आधी सत्ता, मग सुधारणा. हा युक्तिवाद करणारे प्रामाणिक असतात, म्हणून त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. सत्ता आली. केंद्रात आली, राज्यात आली, महापालिकेत आली. मग आता सुधारणेला अडचण कोणती? अहवाल छापायला किती पैसे लागतात? आमदाराच्या हाती स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी रुपयांचा निधी असतो. त्याचा जमाखर्च चार पानांत मावेल.

हिशेब नसला की काय होते

हा केवळ शिष्टाचाराचा मुद्दा असता तर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. हिशेब नसण्याची किंमत सामान्य माणूस मोजतो, कधी घराने, कधी प्राणाने.

१७ मे २०२५ रोजी चिखलीत इंद्रायणीच्या काठावरील ३६ बंगले महापालिकेने जमीनदोस्त केले. ते नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत होते. राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयानेही कायम ठेवला होता, त्यामुळे कायद्याने दुसरा मार्ग नव्हता. नदीचा जीव वाचला पाहिजे, यात शंका नाही. पण ती घरे एका रात्रीत उगवली नव्हती. भूखंड विकले गेले, पाया खणला गेला, भिंती चढल्या, वीज आली. ती सारी वर्षे त्या भागाला नगरसेवक होते, आमदार होते, खासदार होते. पूररेषेचा नकाशा घेऊन एकाही लोकप्रतिनिधीने त्या कुटुंबांचे दार वेळेवर ठोठावले असते, तर मध्यमवर्गीय माणसाची आयुष्यभराची कमाई मातीत गेली नसती.

त्यानंतर महिना उलटायच्या आत, १५ जून २०२५ रोजी, मावळात कुंडमळ्याचा इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार जणांचे प्राण गेले. पूल धोकादायक होता हे ठाऊक होते. नव्या पुलाला मंजुरी मिळालेली होती. मंजुरी आणि काम यांच्या मधल्या फटीत ती माणसे गेली. ज्या मावळात एके काळी आमदार 'काय झाले नाही' हेही छापून सांगत असे, त्याच मावळात हे घडले. मंजूर होऊनही न झालेल्या कामांची यादी दरवर्षी लोकांसमोर येत असती, तर त्या पुलाचे नाव तिच्यात किती वर्षे दिसले असते?

आणि इंद्रायणी? लोणावळ्याच्या डोंगरातून निघून देहू, चिखली, मोशी करीत आळंदीला जाणारी ही नदी ज्ञानोबा-तुकोबांची. वारकरी जेथे स्नानाला उतरतो त्या आळंदीच्या घाटावर रसायनांचा पांढरा फेस वर्षानुवर्षे तरंगताना सर्वांनी पाहिला. कार्तिकीला आमदार येतात, पालखीच्या प्रस्थानाला मंत्री येतात. दर्शन होते, छायाचित्रे होतात. कोणत्या कारखान्याचे, कोणत्या नाल्याचे पाणी नदीत मिसळते, किती बंद झाले आणि किती राहिले, याचा लेखी हिशेब मात्र कुणी वारकऱ्याच्या हाती ठेवला नाही. हिंदुत्वाची परीक्षा केवळ सभेतील घोषणेत होत नाही, आळंदीच्या घाटावरही होते.

कार्यकर्त्याचे काम

येथून पुढची जबाबदारी आमदारांची कमी आणि कार्यकर्त्यांची अधिक आहे. नेत्याच्या वाढदिवसाचे फलक कोण लावतो? कार्यकर्ता. मग नेत्याला अहवाल कोण मागणार? विरोधक मागतील तर ते राजकारण ठरेल. ज्याने त्याच्यासाठी घरोघरी चिठ्ठ्या वाटल्या, त्याने मागितला तर तो अधिकार ठरेल. दर वर्षी, एका ठरलेल्या दिवशी, या पट्ट्यातील प्रत्येक आमदाराने चार पाने छापावीत: सभागृहात काय विचारले, निधी कोठे खर्च झाला, भूमिपुत्रांच्या जमीनपरताव्याची किती प्रकरणे सुटली, चाकणच्या कोंडलेल्या रस्त्यांचे काय झाले, पूररेषेत किती नवी बांधकामे उभी राहत आहेत, इंद्रायणी-पवनेत मिसळणारे कोणते नाले अडविले, आणि काय झाले नाही. मार्च २०२२ मध्ये मुदत संपल्यानंतर महापालिका काही वर्षे प्रशासकाच्या हाती गेली. त्या काळात नागरिकाला विचारायला नगरसेवकही उरला नव्हता. अशा वेळी आमदाराचा अहवाल हाच एकमेव दुवा असू शकला असता.

लक्ष्मण जगतापांच्या कारकीर्दीचे मूल्यमापन करताना त्यांनी कोणाकोणाला हरविले याची यादी पुष्कळांनी केली आहे. शास्तीकराच्या ओझ्यातून सुटलेल्या कामगाराने त्यांच्या नावे जी जमा मांडली आहे ती कुणी पुसू शकत नाही. आणि ज्या काळात ते ओझे निर्माण झाले त्या काळाची नावेची बाजूही कुणी लपवू नये. दोन्ही बाजू लिहिल्या तरच तो माणूस पुढच्या पिढीला कळेल. न लिहिलेली कारकीर्द एकतर आरतीत संपते किंवा निंदेत. दोन्हींतून कुणी काही शिकत नाही.

पक्ष मोठा की व्यक्ती, या प्रश्नाचे उत्तर संघटनेने कार्यकर्त्यांना केव्हाच दिले आहे. ते उत्तर विसरले जाते ते निवडणुकीच्या तोंडावर, उमेदवारीच्या यादीसमोर. कडूसच्या रामभाऊंनी ते उत्तर दरवर्षी छापून दाखविले. त्या छपाईला आता पुन्हा सुरुवात झाली पाहिजे, आणि ती चाकण-चिंचवडच्या या पट्ट्यातून, ज्या मातीने तो माणूस दिला तेथूनच झाली पाहिजे.